गुरूंचे आगमन : पाहुणा, यजमान आणि दायित्व
(नवी मुंबईतील सीवूड्स-नेरुळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

आध्यात्मिक गुरूंनी भक्तसमुदायास भेट देणे ही भारतीय धर्मजीवनातील एक जुनी संस्था आहे. परंपरेत गुरू हा अतिथी असतो आणि भक्तसमुदाय यजमान असतो. महानगरीय काळात या भेटीचे प्रमाण घराच्या ओसरीपासून लाखोंच्या मैदानापर्यंत विस्तारले. या विस्तारात पाहुणा व यजमान या भूमिकांची अदलाबदल झाली, परंतु यजमानपदाबरोबर येणारे दायित्व त्याच प्रमाणात नव्या यजमानाकडे गेले नाही, असा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. त्यासाठी नेरुळ येथील ब्रह्मस्थान मंदिराशी निगडित दर्शनपद्धती, सारस्वत मठांची संचारपरंपरा, गाडगेबाबांची ग्रामभेट आणि २०२३ मधील खारघर दुर्घटना यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गुरुसंस्था, दर्शन, संचार, यजमान, नियोजित शहर, सेवा, दायित्व.

१. प्रस्तावना

‘अमुक तारखेला स्वामीजी येणार आहेत’ हे वाक्य भक्तसमुदायात उच्चारले गेले की त्या समुदायाचे दैनंदिन जीवन बदलून जाते. महिनाभर आधीपासून बैठका सुरू होतात, वर्गणी जमते, कामे वाटली जातात, एरवी एकमेकांना केवळ तोंडओळखीने जाणणारी कुटुंबे एकत्र येतात. प्रत्यक्ष भेट कदाचित दोन तासांची असते, पण तिची पूर्वतयारी आणि तिची स्मृती मिळून वर्षाचा मोठा भाग व्यापतात. असे असूनही समाजशास्त्रीय व सांस्कृतिक लेखनात गुरूंचे तत्त्वज्ञान, चरित्र आणि संप्रदाय यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी ‘भेट’ या घटनेची स्वतंत्र चर्चा मराठीत झालेली दिसत नाही.

या विषयाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी भेटीला केवळ कृपेचा प्रसंग मानते, म्हणून तिच्या व्यवस्थेविषयी प्रश्न विचारणे तिला अप्रस्तुत वाटते. दुसरी दृष्टी तिला केवळ गर्दी समजते, म्हणून त्या गर्दीतील माणसांना काय मिळते हा प्रश्न तिला पडत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही दृष्टी बाजूस ठेवून ‘या भेटीत यजमान कोण?’ हा एकच साधा प्रश्न विचारला आहे. वरकरणी औपचारिक वाटणाऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. परिसर : नियोजित शहर आणि देवाची जागा

सिडको या महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तसेच रायगड जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी झाली. मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी १ जानेवारी रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली होती. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांच्या पुढे गेली. सीवूड्स हा नेरुळ उपनगराचा खाडीकडील भाग होय. सिडकोने अनिवासी भारतीयांना डोळ्यांपुढे ठेवून उभारलेल्या सीवूड्स इस्टेट्स या वसाहतीच्या नावावरून हे नाव रूढ झाले. रेल्वे स्थानकाच्या जोडनावात मात्र नवी वसाहत आणि जुने गाव दोन्ही शेजारी उभी आहेत.

हे जोडनाव आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दारावे, करावे, नेरुळ, सारसोळे ही आगरी-कोळी समाजाची गावे. त्यांना स्वतःची गावदेवी आहे, जत्रा आहे, पालखीचा मार्ग ठरलेला आहे. तेथे देव गावातच राहतो, तो बाहेरून येत नाही. याउलट सेक्टरांतून राहावयास आलेली तमिळ, मल्याळी, कानडी, तेलुगू, उत्तर भारतीय तसेच घाटावरची व कोकणातली मराठी कुटुंबे आपापले ग्रामदैवत मागे ठेवून आली. नोकरीबदलाबरोबर सदनिका बदलणाऱ्या या लोकांना कुलदैवताला वर्षातून एकदा जाणे शक्य होते, परंतु नित्याच्या धर्मजीवनाला आधार हवा होता. नेरुळच्या टेकडीवरील बालाजी मंदिरासारखी मंदिरे या गरजेतून वाढली. मंदिर ही गरज एका प्रकारे भागवते, तर गुरूंचे आगमन ती दुसऱ्या प्रकारे भागवते. मंदिरात माणूस देवाकडे जातो, तर गुरूंच्या भेटीत देवाच्या वतीने कोणीतरी आपल्या वस्तीत येते. विस्थापित मनाला या दुसऱ्या गोष्टीचे मोल विशेष वाटणे स्वाभाविक आहे.

नियोजित शहरात जागा ही नेहमी कोणत्या तरी उपयोगासाठी राखून ठेवलेली असते. निवासी, वाणिज्य, शाळा, उद्यान, धार्मिक-सामाजिक असे भूखंडांचे वर्गीकरण असते. परंतु गुरूंची भेट ही अशी घटना आहे की तिला कायमचा भूखंड लागत नाही, तिला काही काळापुरते शहर लागते. मैदान, रस्ता, वाहनतळ, पाणी, रुग्णवाहिका आणि पोलीस या सर्वांची गरज तिला एकाच दिवशी पडते. म्हणून ही भेट धार्मिक असूनही नागरी प्रश्न होते.

३. पारंपरिक आकृतिबंध : गुरू हा अतिथी

संन्याशाने एका जागी दीर्घकाळ राहू नये, केवळ पावसाळ्यात चातुर्मासापुरता मुक्काम करावा, हा जुना दंडक आहे. या दंडकातूनच ‘संचार’ ही कल्पना आली. मठाधिपती शिष्यवर्गाच्या गावी जातात, तेथील कुटुंबे पाद्यपूजा करतात, भिक्षा देतात, स्वामी आशीर्वचन करतात आणि फलमंत्राक्षता देऊन पुढे निघतात. गौड सारस्वतांचे काशी, गोकर्ण-पर्तगाळी व कवळे हे मठ आणि चित्रापुर सारस्वतांचा शिराली येथील चित्रापुर मठ यांनी ही परंपरा आजतागायत सांभाळली आहे.

चित्रापुर सारस्वतांचे उदाहरण शहरी संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरते. उत्तर कन्नड भागातून मुंबईत आलेल्या या लहानशा समाजाने १९१५ मध्ये गावदेवी येथे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली आणि पुढे ताडदेवच्या तालमकीवाडीसारख्या वसाहती वसवल्या. समाज विखुरला तरी ‘स्थानिक सभा’ नावाची रचना टिकली. प्रत्येक कुटुंब आपल्या उत्पन्नातून मठाला ‘वंतिगा’ देते. स्वामींचा मुक्काम ठरला की स्थानिक सभा पाद्यपूजा, भिक्षासेवा, भोजन आणि निवास यांची विभागणी करते. येथे यजमान कोण हे निःसंदिग्ध आहे. निमंत्रण सभेचे, खर्च सभेचा आणि उणीव राहिली तर लाजही सभेचीच. स्वामी हे पूज्य अतिथी आहेत, पण अतिथीच.

या आकृतिबंधाला मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. तो जन्माधारित समाजापुरता सीमित असतो. शिष्यत्व वारशाने येते, निवडीने नव्हे. परंतु त्याचा एक मोठा गुण असा की, येणारा प्रत्येकजण कोणाच्या तरी ओळखीचा असतो. वृद्ध कोण, आजारी कोण, कोणाला पुढे बसवायचे, कोणाला लवकर जेवू घालायचे हे सांगण्यासाठी फलक लागत नाहीत. दायित्व नात्यांच्या जाळ्यात विणलेले असते.

४. गाडगेबाबा : अतिथीच यजमान होतो तेव्हा

महाराष्ट्रात या आकृतिबंधाला मूलगामी छेद दिला तो गाडगेबाबांनी. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून बाहेर पडले आणि १९५६ मध्ये देहावसान होईपर्यंत फिरत राहिले. त्यांच्या ग्रामभेटीचा क्रम सर्वश्रुत आहे. गावात आल्यावर पूजा-आरती स्वीकारण्याऐवजी ते हातात खराटा घेत आणि दिवसभर गाव झाडीत. रात्री कीर्तन होई. त्यात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, प्राण्यांचा बळी देऊ नका, शिवाशीव पाळू नका हे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कोणी पाया पडू लागला तर त्यांना ते खपत नसे. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती.

गाडगेबाबांच्या भेटीत पाहुणाच घरधन्याचे काम करतो. गावाची स्वच्छता हे यजमानाचे कर्तव्य असते, ते पाहुण्याने उचलले की यजमानाला आपल्या कर्तव्याची जाणीव होते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे उभारलेल्या धर्मशाळाही याच विचाराचा विस्तार होत. यात्रेकरू देवाच्या दारी येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर कोणी धरायचे, या प्रश्नाला त्यांनी विटा-चुन्यातून उत्तर दिले. देव आणि भक्त यांच्या भेटीत निवारा, पाणी आणि स्वच्छता ही दुय्यम बाब नसून तीच सेवा आहे, ही त्यांची धारणा प्रस्तुत विवेचनाचा कणा आहे.

५. नेरुळ : ब्रह्मस्थान आणि आलिंगनाचे दर्शन

केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील पारयकडवू या मच्छीमार वस्तीत १९५३ मध्ये जन्मलेल्या माता अमृतानंदमयी, म्हणजेच भक्तांच्या ‘अम्मा’, यांच्या मठाचा आश्रम व ब्रह्मस्थान मंदिर नेरुळ येथे आहे. पहिले ब्रह्मस्थान मंदिर १९८८ मध्ये केरळमधील कोडुंगल्लूर येथे स्थापन झाले. या मंदिरातील मूर्ती एकाच शिळेत घडवलेली असून तिच्या चार बाजूंना गणपती, शिव, देवी आणि नाग अशी चार रूपे असतात. एकाच तत्त्वाचे अनेक आविष्कार हा तिचा आशय. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळी दैवते घेऊन आलेल्या सीवूड्स-नेरुळसारख्या वस्तीला हा आशय जवळचा वाटला तर नवल नाही.

अम्मांच्या भारतयात्रेतील भेटीचा क्रम साधारणतः निश्चित असतो. प्रवचन, त्याचे स्थानिक भाषेतील रूपांतर, अनेक भाषांतील भजने, ध्यान आणि त्यानंतर दर्शन. येथे दर्शन म्हणजे आलिंगन. अम्मा प्रत्येकाला जवळ घेतात, कानात काही शब्द उच्चारतात आणि प्रसाद देतात. शेवटची व्यक्ती भेटेपर्यंत त्या आसनावरून उठत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. डायना एक् यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दर्शन ही दुहेरी दृष्टिभेट असल्याचे दाखवून दिले : भक्त देवाला पाहतो आणि देवही भक्ताला पाहतो. अम्मांच्या दर्शनात या दृष्टीची जागा स्पर्शाने घेतली आहे. सोवळे-ओवळे, जात आणि लिंग यांच्या आधारे ज्या समाजात स्पर्शाचे नियम ठरत आले, तेथे रांगेतील प्रत्येकाला सारखाच स्पर्श मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या आत्मीयतेमागे काटेकोर व्यवस्था असते. क्रमांकपत्रे, रांगा, चपलांची व्यवस्था, भोजनकक्ष, वृद्ध व अपंग यांच्यासाठी वेगळी सोय अशी कामे स्वयंसेवक करतात. माया वॉरियर यांनी २००५ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात या संप्रदायातील शहरी मध्यमवर्गीय भक्तांचा विचार केला आहे. येथे गुरू वारशाने मिळत नाही, तो व्यक्ती स्वतः निवडते, हे त्यातील महत्त्वाचे निरीक्षण होय. निवडीने आलेल्या भक्तांचे आपसांत नाते नसते. ते नाते सेवेच्या कामातून घडते. भाजी चिरताना, रांग लावताना शेजारच्या सेक्टरमधील अनोळखी माणूस ओळखीचा होतो. सारस्वत सभेत नाते आधी होते आणि काम नंतर आले. येथे काम आधी येते आणि त्यातून नाते जन्मते.

६. भूमिकांची अदलाबदल

वरील तीन उदाहरणे एकत्र ठेवली की एक बदल स्पष्ट होतो. पारंपरिक संचारात भक्त यजमान आणि गुरू अतिथी असतो. आधुनिक भेटीत गुरूंची संस्था आयोजक असते, जागा तीच घेते, वेळापत्रक तीच ठरवते आणि लोकांना तीच बोलावते. शब्द मात्र जुनेच राहतात. ‘स्वामीजी आपल्याकडे येत आहेत’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात आपण त्यांच्याकडे जात असतो. भक्त हा आता पाहुणा झालेला असतो आणि तरीही त्याला यजमानासारखे वागण्याची अपेक्षा असते : त्याने गैरसोय सोसावी, तक्रार करू नये, उलट ती सेवा मानावी.

या अपेक्षेचे मूळ भक्तिपरंपरेतच आहे. वारीत ऊन-पाऊस सोसणे हा साधनेचा भाग आहे. परंतु वारकरी दिंडीबरोबर चालतो, त्या दिंडीला स्वतःची शिस्त असते, मुक्काम असतो, वाटेवरची गावे पाणी-भाकरी घेऊन उभी असतात. इरावती कर्वे यांनी आपल्या वारीविषयक लेखनात या सहप्रवासाचे आणि त्यातील जातीय विभागणीचेही चित्र रेखाटले आहे. कष्ट हे साधन असते तेव्हा ते सोसण्याची रचनाही परंपरेने उभी केलेली असते. रचना नाहीशी होऊन केवळ कष्ट उरले, तर त्यांना साधना म्हणणे ही आत्मवंचना होय.

जेकब कोपमन आणि आया इकेगामे यांनी २०१२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात गुरू ही व्यक्ती धर्माच्या क्षेत्रातून राजकारण, अर्थव्यवहार, समाजकार्य अशा क्षेत्रांत सहज संचार करते, याकडे लक्ष वेधले आहे. भेटीच्या संदर्भात याचा परिणाम असा की, एकाच मैदानावर एकाहून अधिक यजमान उभे राहतात. यजमान अनेक झाले की दायित्व वाटले जाते, आणि वाटले गेलेले दायित्व पुष्कळदा कोणाचेच राहत नाही.

७. खारघर, १६ एप्रिल २०२३

सीवूड्सपासून काही किलोमीटरवर असलेल्या खारघरमध्ये हे तत्त्व अत्यंत दुःखद रीतीने प्रत्ययास आले. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून सुरू केलेल्या दासबोधाच्या निरूपण बैठकी कोकण आणि मुंबई परिसरात खोलवर रुजल्या आहेत. वस्तीतील एखाद्या खोलीत ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जमणारी ही बैठक म्हणजे लहान प्रमाणातील, शिस्तबद्ध आणि परस्परपरिचयावर आधारलेली रचना होय. त्यांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारी यांना २०२२ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा समारंभ १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर झाला. निमंत्रक राज्य शासन होते, सत्कारमूर्ती गुरू होते आणि श्रोते म्हणून लाखो श्रीसदस्य राज्यभरातून आले होते.

मंचावर छप्पर होते, श्रोत्यांच्या मैदानावर नव्हते. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. खाडीकाठच्या दमट हवेत हे तापमान शरीराला अधिक जाचते, कारण घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याची नैसर्गिक क्रिया मंदावते. सकाळी सुरू झालेला समारंभ दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, एकसदस्यीय चौकशी समिती नेमली आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय जाहीर केला.

या घटनेत कोणाच्या श्रद्धेचा दोष नव्हता. उलट, ज्या शिस्तीचे कौतुक होत आले, तीच शिस्त त्या दिवशी घातक ठरली असावी, असे मानण्यास जागा आहे. बैठकीत मध्येच उठून जाणे हा अविनय समजला जातो. घरातील बैठकीत हा संकेत निरुपद्रवी असतो, कारण शेजारच्याला चक्कर आली तर ते दिसते आणि पाणी दोन पावलांवर असते. तोच संकेत लाखोंच्या मैदानावर नेला की उठून सावलीत जाणे हा संकोचाचा विषय होतो. संस्था मोठी झाली, पण तिची शिस्त लहान खोलीच्या मापाचीच राहिली.

उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातील फुलरई गावी २ जुलै २०२४ रोजी झालेल्या सत्संगानंतरच्या चेंगराचेंगरीत १२१ जण मृत्युमुखी पडले. ८० हजार लोकांसाठी परवानगी असताना अडीच लाखांच्या आसपास लोक आल्याचे समोर आले. प्रवचनकर्ते निघाले तेव्हा त्यांच्या वाटेवरची धूळ घेण्यासाठी लोक धावले, असे वृत्त होते. खारघरमध्ये धोका प्रतीक्षेत होता, हाथरसमध्ये तो निर्गमनात होता. दोन्ही ठिकाणी भेटीचा मध्यभाग, म्हणजे प्रवचन वा सत्कार, विचारपूर्वक आखला गेला आणि तिच्या कडा मोकळ्या राहिल्या.

८. विवेचन

उपरोक्त चर्चेवरून गुरूंच्या भेटीचे मूल्यमापन करण्यासाठी काही कसोट्या सुचवता येतील.

पहिली कसोटी निमंत्रणाची. जो बोलावतो तो यजमान, हे जुने तत्त्व शब्दशः स्वीकारले पाहिजे. निमंत्रक संस्था असो वा शासन, परवानगीच्या अर्जावर ज्याची स्वाक्षरी आहे, सावली, पाणी आणि वैद्यकीय मदत यांचे दायित्व त्याचेच.

दुसरी कसोटी छपराची. मंचावर जी सोय आहे तीच श्रोत्यांना आहे काय? पारंपरिक भिक्षासेवेत स्वामींच्या पंक्तीनंतर भक्तांची पंगत त्याच स्वयंपाकावर बसते. ही समानता मैदानावर सावलीच्या रूपाने दिसावयास हवी.

तिसरी कसोटी उठून जाण्याच्या मुभेची. जेथे मध्येच उठणे अपमान समजला जात नाही, तेथे मोठा समुदायही सुरक्षित राहू शकतो. ही मुभा सूचनाफलक देऊ शकत नाही. ती गुरूंनी स्वतः, सर्वांसमक्ष द्यावी लागते, कारण त्यांचाच शब्द मानला जातो.

चौथी कसोटी शेजाऱ्याची. ज्या वस्तीत भेट होते तेथील सर्वजण भक्त नसतात. दारावे गावातील मच्छीमाराला किंवा सेक्टरमधील परीक्षार्थी विद्यार्थ्याला त्या दिवशी रस्ता आणि शांतता मिळते काय, हाही यजमानधर्माचाच प्रश्न आहे. गाडगेबाबा गाव झाडीत असत ते केवळ भक्तांसाठी नव्हे.

या कसोट्या श्रद्धेच्या बाहेरून लादलेल्या नाहीत. अतिथिधर्म, सेवा, पंगत आणि धर्मशाळा या परंपरेतीलच कल्पनांचे ते आजच्या प्रमाणावरील भाषांतर आहे.

९. निष्कर्ष

गुरूंची भेट नियोजित शहरातील विखुरलेल्या माणसांना एकत्र आणते, त्यांना ओळख आणि काम देते, हे सीवूड्स-नेरुळ परिसराच्या संदर्भात दिसून येते. म्हणून तिचे महत्त्व नाकारणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु घरातील भेट मैदानावर गेली तेव्हा पाहुणा आणि यजमान यांची जागा बदलली, आणि ही अदलाबदल मान्य न केल्यामुळे दायित्व निराधार राहिले. खारघरच्या १४ मृत्यूंचा बोध भक्ती कमी करा असा नाही, तर यजमानपद ओळखा असा आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. अशा भेटींतील स्वयंसेवकांमध्ये आपले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना गर्दीचे व्यवस्थापन, उष्माघाताची लक्षणे आणि प्रथमोपचार यांचे शिक्षण दिले, तर त्याचा उपयोग कोणत्याही पंथाच्या, कोणत्याही मैदानावर होईल. भर उन्हात ताटकळणाऱ्या अनोळखी वृद्धेला हात धरून सावलीत नेणे, तिला पाणी देणे आणि ‘तुम्ही येथेच बसा, आवाज येथूनही ऐकू येतो’ असे सांगणे, एवढे ज्याला जमले त्याने यजमानधर्म पाळला, असे म्हणता येईल.